टॅबचे कार्ड घेताना



हल्ली शिवारफेरीला गेलो की बियाणे आणि फवारणीच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न हमखास येतो. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला स्वस्तातला टॅब वर्षभरात रखडू लागतो, ‘जागा शिल्लक नाही’ म्हणतो, आणि घरधनी विचारतात, “साहेब, मोठे कार्ड टाकले तर पळेल का?”

उत्तर आधीच सांगतो. कार्डाने जागा वाढते. वेग वाढत नाही.

घरात कणगी असते आणि अंगणात खळे असते. टॅबमधली रॅम म्हणजे खळे. एका वेळी किती काम पसरता येईल ते खळ्यावर ठरते, आणि स्वस्त टॅबमध्ये ते दोन-तीन जीबीचेच असते. आतली साठवण म्हणजे कणगी. कार्ड टाकणे म्हणजे पडवीत दुसरी कणगी ठेवणे. त्याने खळे मोठे होत नाही. मात्र आतली कणगी तोंडापर्यंत भरली की टॅबला हात हलवायलाही जागा उरत नाही आणि तो अडखळतो. तेव्हा फोटो, व्हिडिओ आणि धडे कार्डावर हलवून आतली निदान पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवा. कार्डाचा खरा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

आता कार्ड कोणते? टॅबच्या खोक्यावर जास्तीत जास्त किती जीबीचे कार्ड चालते ते पाहा. काही जुने टॅब ३२ च्या पुढचे कार्ड घेत नाहीत. घरच्या वापराला ३२ किंवा ६४ पुष्कळ झाले. कार्डावर इंग्रजी सी अक्षराच्या आत १० हा आकडा हवा. म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. शेजारी इंग्रजी ए आणि १ असेल तर अधिक चांगले. ते कार्ड सेकंदाला किमान १५०० वेळा वाचते आणि ५०० वेळा लिहिते, म्हणून बारीकसारीक कामाला बरे. ए आणि २ चे कार्ड महाग असते, आणि त्याचा पुरा लाभ घेण्याची सोय स्वस्त टॅबमध्ये सहसा नसते. ते पैसे वाचवा.

बियाण्याची पिशवी आपण लेबल पाहून, पावती घेऊन घेतो. कार्डाच्या बाबतीत मात्र मी स्वतःच चुकलो. आठवडी बाजारात २५६ जीबीचे कार्ड निम्म्याहून कमी किमतीत मिळाले, पावती मागितली नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड भागात गारपीट झाली तेव्हा दिवसभर द्राक्षबागांतून फिरून फोटो काढले. संध्याकाळी एका बागाईतदाराने आपल्या बागेचे फोटो मागितले. फोटोंची नावे होती, पण उघडला की प्रत्येक फोटो करडा. तोवर बागेतली मोडलेली फूट आणि झडलेले घड गोळा करून बांधावर टाकले होते. पुन्हा काढायला काही उरले नव्हते. पंचनामा वेगळा झाला म्हणून निभावले, तरी त्या माणसापुढे मान वर करवेना.

त्या कार्डात खरी जागा जेमतेम ८ जीबी होती. वर २५६ चा खोटा आकडा भरलेला. असे कार्ड सुरुवातीला चांगले चालते. खरी जागा संपली की पुढचे सगळे हरवते किंवा आधीचे पुसले जाते, आणि टॅब मात्र ‘साठवले’ असेच सांगत राहतो.

म्हणून पेरणीपूर्वी गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो, तशी कार्डाचीही चाचणी करा. नवे कार्ड व्हिडिओंनी पूर्ण भरा. काढून पुन्हा घाला आणि पहिले, मधले, शेवटचे व्हिडिओ चालवून पाहा. घरात संगणक असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाची फुकट आज्ञावली हेच काम नेटके करते. कार्ड नापास झाले तर पावती घेऊन लगेच दुकानात जा. ६४ चे कार्ड ५९-६० दाखवते, त्याने मात्र घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते आणि टॅब १०२४ ने, एवढाच तो फरक.

कार्ड घातल्यावर काही टॅब विचारतात, आतल्या साठवणीत मिसळू की वेगळे ठेवू? वेगळेच ठेवा. मिसळलेले कार्ड दुसऱ्या टॅबमध्ये किंवा संगणकात वाचता येत नाही, आणि ॲप त्यावर गेली की टॅब आणखी रेंगाळतो. ॲप आत, फोटो बाहेर. सातबारा आणि विम्याची कागदपत्रे मात्र एकट्या कार्डावर ठेवू नका. चांगले कार्डही एखाद्या दिवशी न सांगता बंद पडते.

वेगासाठी खळे मोकळे करा. न लागणारी ॲप काढा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद करा. लग्नाच्या आणि सुप्रभाताच्या चित्रांनीच निम्मी घरे भरलेली मी पाहिली आहेत. ‘वेग वाढवा’, ‘सफाई करा’ म्हणणारी ॲप घालू नका. ती स्वतःच खळ्यावर बसतात आणि जाहिराती दाखवतात. आठवड्यातून एकदा टॅब बंद करून पुन्हा चालू करा.

जागा करताना ‘कॅश’ पुसली तर चालते. ‘डेटा’ पुसू नका, विशेषतः पीक पाहणीसारख्या ॲपमध्ये नोंद भरून अजून पाठवली नसेल तर. आणि टॅब ट्रॅक्टरवर उन्हात ठेवून मग संथ झाला म्हणू नका. तापला की तो आपणहून वेग कमी करतो. सावलीत ठेवा, गार होऊ द्या, मग पुन्हा चालवून पाहा.