वादळाची वाट कशाला पाहायची?

पावसाळी वाऱ्यात भोपाळचा मोठा तलावही लाटा उसळवतो. तकिया टापूसारख्या बेटावर जायचे तर नावेशिवाय गत्यंतर नाही, आणि त्या नावेत किती माणसे बसवायची हे बहुधा नावाड्याची मर्जी ठरवते.

शहरातल्याच लहान तलावात तर वादळाची गरजही पडली नाही. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे खटलापुरा घाटावर गणेश विसर्जनासाठी दोन नावा एकमेकींना जोडून त्यांवर भलीमोठी मूर्ती चढवली होती. मूर्ती पाण्यात सोडताना तोल गेला. ११ जण बुडाले. अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती.

कोकणाला ही कथा जुनीच. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली, सहाशेंहून अधिक जीव गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जण दगावले. 'नीलकमल'ला परवानगी ८४ प्रवाशांची, बोटीत शंभरावर. त्यानंतर गेटवेवर जाकीट सक्तीचे झाले. (उकडते, फोटो बिघडतो, ही कुरकुर प्रवाशांचीच!)

इकडे भोपाळात राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये मोठ्या तलावातील क्रूझ आणि मोटरबोटी प्रदूषणापायी थांबवल्या. पाण्याची काळजी घेतली, उत्तम. आता प्रत्येक नावेवर प्रवासीसंख्या ठळक रंगवावी, जाकिटाशिवाय नाव सोडू नये आणि वारा चढताच फेऱ्या बंद करण्याचा अधिकार घाटावरच्या एका माणसाला लेखी द्यावा. यंदाच्या विसर्जनाआधी महापालिकेला एवढे सहज जमावे.