‘थांब’ म्हणण्याचा अधिकार

‘सही तुम्हीच केली होती ना? मग आता तक्रार कसली?’ अमेरिकेतील घरमालकांच्या संस्थांचा, म्हणजे तिकडच्या आप्तांच्या फोनवर ‘एचओए’ या तीन अक्षरांनी वावरणाऱ्या यंत्रणेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास पुढे येतो. घराला कोणता रंग द्यावा, अंगणातले गवत किती वाढू द्यावे, इथवर तो मला पटतोही. परंतु गणवेशातील खाजगी रखवालदार चालती मोटार अडवतो, तेव्हाही हाच युक्तिवाद पुरेसा मानला जातो, तिथे माझा आक्षेप सुरू होतो.

इलिनॉय राज्यातील लेक हॉलिडे या वसाहतीचे उदाहरण घेऊ. रस्ते संस्थेच्या मालकीचे, वेगमर्यादा ताशी 25 मैल. 2008 साली तेथील एका सभासदाची गाडी संस्थेच्या सुरक्षारक्षकाने रडारवर टिपली, पिवळे लुकलुकते दिवे लावून थांबवली आणि दंडाची पावती लिहून होईपर्यंत त्याला रोखून धरले. सभासद न्यायालयात गेला. पहिल्या पायरीवर तो हरला. अपील न्यायालयाने 2012 मध्ये असे अडवणे बेकायदा ठरवले. आणि जानेवारी 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून संस्थेचे म्हणणे उचलून धरले. त्यामागील विचाराचा गाभा साधा होता: खाजगी रस्ते बांधण्याची व राखण्याची मुभा द्यायची आणि त्यांवरील नियम राबवण्याची मात्र नाकारायची, हे तर्काला धरून नाही.

ऐकायला हे किती सरळ वाटते! मात्र या वाक्यातील ‘राबवणे’ या क्रियापदात दोन अगदी वेगळ्या कृती दडल्या आहेत. दंडाची पावती घरी पाठवणे ही एक. ती नाकारता येते, तिच्यावर भांडता येते, समितीची पुढची निवडणूक लढवता येते. माणसाला रस्त्यात थांबवून ‘मी सांगेपर्यंत हलू नका’ म्हणणे ही दुसरी. तिथे भांडण नंतरचे. गेलेली दहा मिनिटे आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांतून पाहणारे डोळे परत करता येत नाहीत. पहिली कृती कराराची आहे, दुसरी राज्यसंस्थेची. आणि लुकलुकते दिवे, गणवेश, पावतीपुस्तक ही सारी चिन्हे तरी कोणाकडून उसनी घेतलेली आहेत? ज्याच्यासाठी ती लावली जातात तो चालक संस्थेची नियमावली आठवून थांबत नाही. पोलिसासारखे काही दिसले म्हणून थांबतो. चिन्हमीमांसा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेला हा प्रश्न नवा नाही. अलाबामातील चिकसॉ हे गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे होते. तिथला शेरीफचा दुय्यम अधिकारीही कंपनीकडूनच पगार घेई. दुकानांसमोरच्या पदपथावर धार्मिक पत्रके वाटणाऱ्या एका स्त्रीला तिथे अतिक्रमणाबद्दल अटक झाली. 1946 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली: गाव कंपनीचे असले तरी गाव हे गावच आहे, आणि नागरिकाचे मूलभूत स्वातंत्र्य मालकीहक्कापुढे संपत नाही. पुढे 2007 मध्ये न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या रहिवाशांनी फलक लावण्यावरील निर्बंधांना आव्हान दिले तेव्हा तिथल्या राज्य न्यायालयाने संस्थेच्याच बाजूने कौल दिला. मधल्या साठ वर्षांत ‘गाव’ची ‘मालमत्ता’ झाली. इव्हान मॅकेन्झी यांनी 1994 सालीच या व्यवस्थेला ‘प्रायव्हटोपिया’ म्हटले होते. शब्द कुरूप आहे, पण नेमका आहे.

यावर आईबाप म्हणतील, गल्लीत मुले खेळतात, भरधाव गाड्यांचे काय? प्रश्न खरा आहे, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण त्याला उत्तरही आहे. रस्त्यात उंचवटे घालता येतात. फ्लोरिडात तर खाजगी रस्त्यांचे मालक शहराशी किंवा कौंटीशी लेखी करार करून तिथल्या वाहतूक नियंत्रणाचा अधिकार सरकारी यंत्रणेकडे सोपवू शकतात, असा कायदाच आहे. मग अडवणारा हात लोकांनी निवडलेल्या सत्तेला उत्तरदायी राहतो. अर्थात, त्यात एक गैरसोय आहे: सरकारी पोलीस संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलाचीही गाडी थांबवील.

आणि सहीच्या युक्तिवादाचे सर्वांत दुबळे अंग तर अजून बाकीच आहे. त्या रस्त्यांवरून केवळ सभासद जात नाहीत. घरे साफ करणाऱ्या बायका, गवत कापणारे, पार्सल पोहोचवणारे, रविवारी जेवायला आलेला पाहुणा – यांनी कुठे सही केली होती? टी. सी. बॉयल यांची 1995 मधील ‘द टॉर्टिला कर्टन’ ही कादंबरी आपल्या तौलनिक साहित्याच्या वर्गात का नेली जात नाही, याचे मला नवल वाटते. तिची सुरुवातच रस्त्यावरच्या अपघाताने होते: लॉस एंजेलिसजवळच्या एका सुखवस्तू वसाहतीतील उदारमतवादी गृहस्थाच्या गाडीखाली एक मेक्सिकन मजूर सापडतो, आणि गृहस्थ त्याच्या हातावर वीस डॉलर ठेवून मोकळा होतो. पुढे त्या वसाहतीला फाटक येते, मग भिंतही. सभा होतात, मते पडतात, सगळे कसे नियमानुसार. त्या सभेत तो मजूर नसतो. आणि लेक हॉलिडेसारख्या ठिकाणी रडार हातात घेऊन उभा असलेला रखवालदार, ज्याला बहुधा तिथे घर घेणे कधीच परवडणार नाही, त्यालाही त्या सभेत मत नसते.