घरच्या घरी : सायकलची कटकट

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून एका भगिनीने विचारले आहे, "मुलगी सायकलने कॉलेजला जाते. पायडल मारताना उजव्या बाजूने सारखी कटकट ऐकू येते. चेनला तीनदा तेल घातले, तरी आवाज जात नाही. घरात म्हणतात, जुनी सायकल वाजणारच. खरेच दुर्लक्ष करावे का?"

मुळीच करू नये. मडगार्डची खडखड कानाला त्रास देते, एवढेच. पायडलच्या भागातली कटकट मात्र कधी कधी पडण्याची आगाऊ सूचना असते. चढावर किंवा सिग्नल सुटताना अंगाचा सारा भार एका पायावर येतो. नेमके तेव्हा पायडल निसटले तर तोल जातो, आणि नाक्यावर मागून रिक्षा, बस येतच असतात.

आधी आवाज कुठला ते ओळखा. मुलीला मोकळ्या गल्लीत सायकल चालवू द्या आणि तुम्ही कान द्या.

१. वेग आल्यावर पायडल मारणे थांबवावे. तरीही आवाज येत राहिला तर दोष चाकात, ब्रेकात किंवा मडगार्डमध्ये आहे.

२. सीटवरून किंचित उठून पायडल मारावे. आवाज थांबला तर सीटच्या स्प्रिंगा किंवा सीटखालचा नट कुरकुरतो आहे. स्प्रिंगांना तेलाचा थेंब द्यावा, नट आवळावा.

३. पायडलच्या दर फेरीला एकदा 'कट्' होत असेल तर पायडल, क्रँक किंवा मधला अ‍ॅक्सल पाहावा. दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा होत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे.

आता सायकल स्टँडवर लावा. दोन्ही हातांनी दोन्ही क्रँक धरून उलटसुलट दाबून पाहा. एकच क्रँक हलतो आणि दुसरा स्थिर राहतो, असे झाले तर त्या बाजूची कॉटर पिन सैल आहे. दोन्ही मिळून डावी-उजवीकडे डुगडुगत असतील तर अ‍ॅक्सलच्या वाट्या सैल आहेत किंवा छर्रे झिजले आहेत. क्रँक घट्ट असून नुसते पायडलच हलत असेल तर दोष पायडलचा.

टेंभी नाक्याच्या भगिनीचे वर्णन वाचून कॉटर पिनचाच संशय येतो. ही पिन एका बाजूने चपटी, पाचरीसारखी असते आणि क्रँकला अ‍ॅक्सलशी जखडून ठेवते. चेनला कितीही तेल घातले तरी हिची कटकट थांबणार नाही. पिन एकदा चेपली की नुसता नट आवळूनही भागत नाही. पिन बदलावीच लागते. पिना वेगवेगळ्या जाडीच्या येतात, म्हणून जुनी पिन नमुन्याला न्यावी. हे काम हातोडीचे आहे, ते सायकलवाल्याकडूनच करून घ्यावे. पण शेजारी उभे राहून पाहावे. ठोकताना त्याने क्रँकखाली लोखंडाचा टेकू दिला पाहिजे, नाहीतर घाव आतल्या छर्ऱ्यांवर बसतो. नवी पिन चार-आठ दिवसांत बसते, तेव्हा नट पुन्हा आवळून घ्यावा. नव्या सायकलींना कॉटरऐवजी बोल्ट असतो. तो सैल असताना सायकल चालवली तर क्रँकचे भोक झिजते आणि क्रँकच बदलण्याची पाळी येते.

पायडल आवळणे घरी जमते. मात्र उजवे पायडल नेहमीसारखे घड्याळाच्या दिशेने आवळते, डावे उलट. चालवता चालवता डावे आपोआप सुटू नये म्हणून त्याचे आटेच उलटे पाडलेले असतात. विमान उडवणारे अमेरिकेचे राइट बंधू मुळात सायकलवाले; १९०० साली त्यांच्या सायकलींना अशी पायडले होती. लक्षात ठेवायची खूण सोपी : पान्याची मूठ वर करून पुढच्या चाकाकडे ढकलली की दोन्ही बाजूंची पायडले आवळतात. आट्यांना थोडे ग्रीस लावायला विसरू नका.

चेन आखडली असेल तर रॉकेलात किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसावी. हे काम गॅसपासून दूर, गॅलरीत करावे. मग मशीनचे तेल थेंब थेंब सोडून वरचे पुसून काढावे. खोबरेल तेल घालू नये. ते थंडीत थिजते आणि त्यावर धूळ बसते. ओढणीला किंवा पदराला ग्रीस लागले तर आधी टाल्कम पावडर दाबून ठेवावी, ती झटकून मग साबण लावावा. आणि ओढणी चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेनकव्हर शाबूत हवेच.

ठाण्याचा पाऊस सायकलीतले ग्रीस धुऊन नेतो, म्हणून पाऊस ओसरला की ही तपासणी करावी. टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेल्या नवरात्रोत्सवाची गर्दी होण्यापूर्वीच ती उरकावी. त्या दिवसांत नाक्यावरून सायकल हाती धरूनच न्यावी, हे मुलीला सांगा. दसऱ्याला आपण सायकल धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. यंदा हार घालण्यापूर्वी दोन्ही क्रँक एकदा हलवून पाहा.