जात्यावरची ओवी : श्रोत्यावाचूनचे गाणे

मनुष्य गातो कशासाठी आणि गाण्याने भावना का हालतात, या प्रश्नांची उत्तरे बहुधा श्रोता समोर ठेवून दिली गेली आहेत. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये संगीताचे मूळ जोडीदाराला आकृष्ट करण्याच्या प्रेरणेत शोधले. तेथे कोणीतरी ऐकणारा गृहीतच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम-पंचमाची सांगड शृंगार-हास्याशी, तर गांधार-निषादाची करुणाशी घातलेली आढळते. ती योजनाही प्रेक्षागृहातील सामाजिकासाठीच आहे. मराठीच्या वर्गांत लोकगीते शिकविताना ही रसचर्चा सर्रास उसनी घेतली जाते. जात्यावरच्या ओवीपाशी मात्र ती अडखळते. कारण या गाण्याला श्रोता अभिप्रेत नाही. पहाटे घर निजलेले असताना स्त्री दळावयास बसते. समोर दुसरी असलीच तर तिचाही हात खुंट्यावर असतो. तीही ओळ झेलते आणि पुढे नेते. ती सहभागी आहे, श्रोता नव्हे.

ओवीचे श्रमाशी असलेले हे नाते पुरातन आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कांडण असो वा दळण, कामाची आवर्तने हाच तिचा ताल. जाते फिरते त्या गतीला श्वास जुळतो आणि श्वासाच्या मापाने शब्द येतात. ओळ पुन्हा म्हटली जाते, तेवढ्या अवधीत पुढची ओळ मनात जुळून येते. पुनरावृत्ती हे येथे अलंकरण नसून रचनेचे साधन आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट चालीची. ओवीची चाल मोजक्या स्वरांत फिरते आणि एकच स्त्री एकाच चालीवर माहेरचे कौतुक, सासरचा जाच, लेकराचे लाड, सीतेचा वनवास आणि पंढरीची वाट हे सारे गाते. विषय पालटला म्हणून चाल पालटत नाही. भावना जर स्वरांतच साठविलेली असती, तर हे शक्य झाले नसते. चाल येथे दुःख निर्माण करीत नाही. असलेल्या दुःखाला ती उच्चारण्याजोगे रूप देते. दिवसा चारचौघांत बोलली असती तर जी गाऱ्हाणी ठरली असती, ती गोष्ट जात्यावर ओवी होते. परंपरेने आलेली चाल त्या बोलण्याचा वैयक्तिकपणा झाकते आणि गाणारीला बोलण्याची मुभा देते. भावनेवर संगीताचा परिणाम होतो तो असा : मन मोकळे होते, पण बेताल होत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, स्वर-लयीला स्वतःचा भावार्थ असतोच. कॅमेरूनमधील माफा लोकांचा पाश्चात्त्य संगीताशी परिचय नव्हता. तरीही त्यातील आनंद, दुःख व भीती ते निव्वळ योगायोगाने जमेल त्यापेक्षा अधिक वेळा ओळखू शकले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. हा पुरावा दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि, ऐकलेल्या सुरावटीतील भाव ओळखणे वेगळे आणि स्वतः गाऊन आपला भाव सोसण्याजोगा करणे वेगळे. पहिला प्रश्न श्रोत्याचा आहे, दुसरा गाणारीचा. ओवी दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधते.

मराठीच्या अध्यापनात नेमका हाच प्रश्न निसटतो. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून अनेक संग्रहांनी ओव्या जपल्या, ते ऋण मोठे आहे. परंतु छापताना ओळींची आवर्तने गळतात, मध्ये येणारे ‘बाई’, ‘गं’ असे उद्गार बहुधा कमी होतात आणि विषयवार वर्गीकरण तेवढे उरते. विद्यार्थी मग ओवीकडे लहानशी कविता म्हणून पाहतो आणि तिची साधी शब्दकळा त्याला तोकडी वाटते. वस्तुतः तोकडी असते ती छापील संहिता.

ही उणीव भरून काढण्याचे साधन आज उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. विजेच्या गिरणीने घरोघरचे जाते थांबविले. शब्द कागदावर टिकले. चाल मात्र ज्यांच्या कंठात आहे त्या स्त्रिया वृद्ध होत आहेत. म्हणून पदव्युत्तर वर्गात ओवी वाचण्याआधी ऐकविली जावी आणि क्षेत्रीय अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्याने शब्दांबरोबर चाल, आवर्तने आणि कामाची गतीही नोंदवून आणावी. ओवीचा आशय कोणता, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो गाऊनच का सांगावा लागला, हेही विचारले गेले पाहिजे.