एका पडद्याचे दोन धनी

एकत्र कुटुंबांत खोल्यांची वांटणी एक वेळ सुखानें होते, पण एका टेबलाची होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आमच्या घरीं माजघरालगतच्या खोलींत संगणकाचें एकच टेबल आहे आणि त्याचे धनी दोन. दुपारपर्यंत धाकट्या सूनबाई तेथें बसतात. त्या लग्नमुंजींचीं व साड्यांच्या दुकानांसाठीं छायाचित्रें घेतात आणि तीं संगणकावर नीट करून छापावयास पाठवितात. सायंकाळीं शाळेंतून आल्यावर तेंच आसन आमचा नातू पटकावितो. तो तेथें अभ्यास करीत नाहीं, हें सांगावयास नकोच. दोन महिन्यांपूर्वीं जुना मॉनिटर निकामी झाला, आणि नवा कोणता घ्यावा यावरून काकू-पुतण्यांत असा वाद माजला कीं आम्हांस पंच म्हणून मध्यें पडावें लागलें. मॉनिटर म्हणजे एक पडदा, यापलीकडे त्या वेळीं आम्हांस कांहीं ठाऊक नव्हतें. पुढें चौकशी करून जें समजलें तें, हाच प्रसंग ज्या घरीं येईल त्यांच्या उपयोगी पडावें म्हणून, येथें नमूद करीत आहों.

वादाचें मूळ नव्या मॉनिटरांत नव्हतें, जुन्यांत होतें. गेल्या वर्षीं सूनबाईंनीं केलेला एका लग्नाचा आल्बम छापून आला तो सगळा काळवंडलेला. नवरीच्या मोरपंखी पैठणीचा रंग पार काजळला होता. गिऱ्हाइकानें आल्बम परत केला आणि सूनबाईंना स्वतःच्या पदरचे पैसे घालून तो पुन्हा छापून द्यावा लागला. घरांत प्रथम दोष छपाईवाल्यास दिला गेला. मग हलकेच असें बोललें जाऊं लागलें कीं सूनबाईंचेंच काम कच्चें असेल. असें बोलणाऱ्यांत आम्हीही होतों, हें लपवीत नाहीं. खरें कारण पुढें कळलें. खेळासाठीं बनविलेल्या मॉनिटरांत, अंधारांत दडलेला शत्रू दिसावा म्हणून, चित्रांतील छाया मुद्दाम उजळ करण्याची सोय असते. नातवानें ती चालू केली आणि ती चालूच राहिली. सूनबाईंना सगळ्या छाया फिकट दिसल्या, म्हणून त्यांनीं त्या गडद केल्या. कागदावर त्या काळ्या झाल्या. त्यांचा हात चुकला नव्हता, पडदा खोटें सांगत होता.

एवढी मोठी चूक महिनोन्महिने कोणाच्या लक्षांत येऊं नये, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. विचार केल्यावर तें ओसरलें. पिवळ्या दिव्याखालीं पांढरा कागद क्षणभर पिवळट भासतो व मग पांढराच दिसूं लागतो; उन्हांतून देवघरांत शिरतांच अंधार वाटतो, आणि थोड्या वेळानें समईच्या उजेडांत पोथीचीं अक्षरें लागतात. डोळ्याची ही सवय संसारांत उपकारक, पण छायाचित्रांच्या कामांत घातक आहे. पडदा निळसर असो कीं तांबूस, कांहीं मिनिटांत डोळा त्यालाच प्रमाण मानून बसतो. खेळांत पडदा मंद असला तर खेळणारा तत्काळ ओरडतो. रंगांत पडदा खोटा असला तर कोणीच ओरडत नाहीं, छापून आल्यावर गिऱ्हाईक ओरडतें. या एका भेदावरून आमचें मत असें झालें कीं दोघांस मिळून एकच मॉनिटर घ्यावयाचा, तर रंगाची बाजू आधीं पाहावी, वेगाची मागाहून.

नातवास हें मुळींच पटलें नाहीं. “आजोबा, आजकाल साठ हर्ट्झवर कोणी खेळतं का?” असें तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरील चित्र एका सेकंदांत जितक्या वेळां नवें होतें ती संख्या. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद टिकतें. १४४ हर्ट्झवर ६.९, आणि २४० हर्ट्झवर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्यास प्रत्येक चित्रामागें जवळजवळ १० मिलिसेकंद वांचतात. १४४ वरून २४० वर गेल्यास पुरते ३ सुद्धां वांचत नाहींत. शिवाय सेकंदास २४० चित्रें पडदा दाखवील खरा, पण संगणकानें तितकीं काढून दिलीं पाहिजेत. आमच्या ग्राफिक्स कार्डाची ती ऐपत नाहीं, हें नातवानें स्वतःच कबूल केलें. तेव्हां १४४ च्या आसपास थांबावें असें ठरलें. एक सोय मात्र त्यानें आग्रहानें मागितली व ती आम्हांस रास्त वाटली: संगणक ज्या वेगानें चित्रें देईल त्याच वेगानें पडद्यानें चालावें. ‘फ्रीसिंक’ व ‘जी-सिंक’ या नांवांनीं ती ओळखली जाते. ती असली म्हणजे धांवतें चित्र मध्येंच फाटल्यासारखें दिसत नाहीं.

आतां रंगाकडे वळूं. येथें थोडा वेळ थांबणें जरूर आहे. साधारण मॉनिटर लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ छटा दाखवितो. त्यांचा गुणाकार १ कोटि ६७ लक्षांवर जातो. हा आंकडा जाहिरातींत मोठ्या ऐटीनें छापतात, पण त्यावरून खरा बोध होत नाहीं. पेटींत खडू किती आहेत ही एक गोष्ट, आणि त्यांत गर्द हिरवा आहे कीं नाहीं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट ठरविण्यासाठीं रंगांचीं क्षेत्रें आंखलेलीं आहेत. सर्वांत प्रचलित तें एसआरजीबी. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं तें १९९६ सालीं सुचविलें आणि १९९९ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. ॲडोब आरजीबी हें १९९८ चें. हिरव्या आणि हिरवट-निळ्या बाजूस तें बरेंच विस्तृत आहे. तिसरें पी३, तें सिनेमाच्या धंद्यांतून आलेलें. मोरपंखी रंगाच्या कांहीं तजेलदार छटा एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर पडतात, हें ऐकून सूनबाई क्षणभर गप्प राहिल्या व मग म्हणाल्या, “मामंजी, म्हणजे ती पैठणी जुन्या पडद्यावर मला कधी पुरती दिसलीच नव्हती.”

तथापि मोठें क्षेत्र म्हणजे चांगला मॉनिटर, असें समजूं नये. बहुतेक छपाईवाले एसआरजीबींतच चित्रें मागतात, आणि साड्यांचीं चित्रें अखेर लोकांच्या मोबाइलवरच पाहिलीं जातात. विस्तृत क्षेत्राच्या मॉनिटरवर साधें चित्र, रंगांचा हिशेब न ठेवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्यें उघडलें, तर कुंकू विस्तवासारखें दिसतें आणि नवरीचे गाल रंगपंचमी खेळल्यासारखे. म्हणून एसआरजीबीचें क्षेत्र पूर्ण भरणारा, आणि जास्त असल्यास तें एका बटणासरशीं एसआरजीबीपुरतें आवरून धरणारा मॉनिटर पाहावा. यांतही एक खोंच आहे. कांहीं मॉनिटरांत हा एसआरजीबी मोड लावला कीं उजेड कमीजास्त करण्याची मुभाच राहत नाहीं. दुकानांत उभे असतांनाच बटण दाबून हें पाहून घ्यावें. आमच्या पसंतीचा पहिला मॉनिटर याच एका कारणानें बाद झाला.

पडद्यांच्या जाती अनेक आहेत, पण निवड फारशी कठीण नाहीं. व्हीए जातींत काळा रंग अधिक गडद. पांढऱ्याशीं त्याचें प्रमाण ३००० ला १ किंवा त्याहूनही अधिक असतें, आणि आयपीएसमध्यें सामान्यतः १००० ला १. मात्र कित्येक व्हीए पडद्यांवर अंधाऱ्या दृश्यांत हलणाऱ्या आकृतीमागें काळपट फरांटा उमटतो, आणि बाजूनें पाहणाऱ्यास रंग बदललेले दिसतात. आमच्या घरीं आल्बम पाहावयास एका वेळीं चार माणसें खुर्चीभोवतीं जमतात व प्रत्येकीचें मत निराळें असतें. त्यांत पडद्यानेंही प्रत्येकीस निराळा रंग दाखवूं नये, म्हणून आयपीएस. ओलेड जातीचा पडदा आम्हीं पाहिला आणि खरोखर थक्क झालों. त्यांत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो व स्वतः विझतो. काळा म्हणजे निव्वळ काळोख, आणि वेगाला तर तोड नाहीं. पण तींच अवजारांचीं चित्रें रोज पांच-सहा तास एकाच जागीं राहिलीं तर त्यांचा कायमचा डाग उमटण्याचा संभव असतो. सूनबाईंच्या कामांत तीं नेमकीं तशींच राहतात. किंमतही आमच्या आवांक्यापलीकडची होती.

आकार २७ इंच ठरला. त्या आकारांत १९२० × १०८० ठिपके विरळ दिसतात. ३८४० × २१६० फार रेखीव. पण ते ८२ लक्षांहून अधिक ठिपके होतात, म्हणजे २५६० × १४४० च्या सव्वादोनपट, आणि खेळांत तेवढाच बोजा बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डावर पडतो. म्हणून मधला मार्ग पत्करला. वक्र पडदा नातवाच्या मनांत भरला होता, परंतु मंडपाचा सरळ खांब वांकडा दिसूं लागल्यास तो सरळ करावयाचा कोणीं, या प्रश्नास त्याच्याजवळ उत्तर नव्हतें.

खोक्यावरील शब्दांविषयीं थोडेंच लिहितों. ‘१ मिलिसेकंद’ हा आंकडा कोणत्या रीतीनें मोजला तें विचारावें. कित्येक वेळां मागचा दिवा लुकलुकवून तो साधलेला असतो व त्या वेळीं पडदा मंद होतो. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्यासाठीं पडद्याचे भाग निरनिराळे मंद करण्याची सक्ती नाहीं, तेव्हां त्यावर भाळूं नये.

याउलट जी वस्तु मॉनिटरच्या खोक्यांत सहसा नसते, ती आमच्या मतें सर्वांत आवश्यक. तिचें नांव कलरीमीटर. मुठींत मावेल एवढें हें यंत्र पडद्यावर टेकवून ठेवलें कीं संगणक एकामागून एक रंग दाखवितो, यंत्र ते मोजतें, आणि जेथें पडदा खोटें बोलतो तेथें त्याची दुरुस्ती लिहून ठेवतें. पांढरा रंग ६५०० केल्विनचा, गॅमा २.२, आणि छपाईच्या कामासाठीं उजेड चौरस मीटरास सुमारें १०० ते १२० कँडेला, असें माप धरण्याचा प्रघात आहे. दुकानांतून आलेला मॉनिटर पुष्कळदां याच्या दुपटीहून अधिक उजळ लावलेला असतो, आणि अति उजळ पडद्यावर नीट केलेलें चित्र कागदावर हमखास काळें येतें. महिन्या-दोन महिन्यांनीं हें मोजमाप पुन्हा करावें. मॉनिटरचे पैसे घरखर्चांतून गेले. कलरीमीटर आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून घेतला. त्या काळ्या आल्बमच्या वेळीं आम्ही जें बोललों होतों त्याची आठवण सूनबाईंनीं काढली नाहीं, पण आम्हांस ती होती.

मॉनिटर खिडकीसमोर न ठेवतां खिडकीशीं काटकोनांत ठेवला, म्हणजे पडद्यावर उजेडाची तिरीप येत नाहीं. पहिल्याच सायंकाळीं नातू रडवेला होऊन आला: नवा मॉनिटर जुन्यासारखाच चालतो! शोध घेतां असें दिसलें कीं संगणकाच्या सेटिंग्जमध्यें आंकडा ६० वरच राहिला होता, आणि अडगळींतली जी जुनी एचडीएमआय केबल जोडली होती तिच्यानें १४४ पेलवत नव्हते. खोक्यांतली डिस्प्लेपोर्टची केबल लावली, आंकडा बदलला, आणि गाडी रुळावर आली. त्याच आठवड्यांत सूनबाईंनीं आमच्या घरच्या पैठणीचें छायाचित्र घेऊन, नीट करून, छापून आणलें व खिडकीच्या उजेडांत पैठणीशेजारीं ठेवलें. पदर आणि कागद यांत थोडा फरक होता, पण मोर दोन्हींकडे मोरच दिसत होते.

मॉनिटरांत दोन मोड आतां कायम करून ठेवले आहेत, एक काकूचा आणि एक पुतण्याचा. छाया उजळ करण्याची ती सोय फक्त दुसऱ्यांत. नातवानें मॉनिटरच्या पायावर स्वतःच्या हातानें चिठ्ठी चिकटविली आहे: ‘उठताना काकूचा मोड.’ पहिल्या पंधरवड्यांत तो दोनदां विसरला. सूनबाई आतां काम सुरू करण्यापूर्वीं स्वतःच पाहून घेतात.