पाच लाखांचा लोकसहभाग

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले, तेव्हा त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, आपल्या भागातले काम सुचवायचे. एका कामाला मर्यादा पाच लाखांची. तेवढ्यात काय बसते? उखडलेला पदपथ, चार बाक, दोन दिवे. ही कामे क्षुल्लक नाहीत. ज्येष्ठ नागरिकांना विचारा. पण नदीकाठ, उड्डाणपूल, विकास आराखडा यांचे निर्णय होताना याच नागरिकाच्या वाट्याला फक्त हरकती-सूचनांची मुदत येते, तीही बहुतेकदा तारीख उलटल्यावर कळते.

कायद्याने मात्र दार उघडे ठेवले आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या आणि राज्याच्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनाही जागा दिली. प्रत्यक्षात त्या जागांवर कार्यकर्त्यांची 'सोय' लावली जाते, हे उघड गुपित आहे. मार्च २०२२ नंतर पुण्यात जवळपास चार वर्षे प्रशासकराज होते. त्या काळात तर नगरसेवकच नव्हते, मग समितीला विचारतो कोण?

नागरिकांच्या समित्या सल्लागारच असाव्यात, तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्या हाती नकोत. मात्र सल्ला फेटाळला तर कारण लेखी द्यावे. आणि अर्ज मागवण्याआधी, गेल्या वर्षी सुचवलेल्या कामांपैकी कोणती झाली, याची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी. त्याला ठरावाचीही गरज नाही.