सहा मातांचे छायाचित्र

दिवाळीनंतर लागणाऱ्या कार्तिकाला नाव मिळाले ते कृत्तिकांवरून. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या या सहा माता आमच्या म्हसवडला अमावास्येच्या रात्री पूर्वेकडे ठळक दिसतात. माणदेशात पाऊस कमी. आभाळ मात्र स्वच्छ!

त्यांचे छायाचित्र घ्यायला ताऱ्यांमागे फिरणारे यंत्र नको. साधा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग आणि ट्रायपॉड पुरे. अडचण एवढीच की पृथ्वी तासाला १५ अंश फिरते; झडप फार वेळ उघडी राहिली की ताऱ्याची रेघ होते. म्हणून ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरांनी भागावे. उत्तर आले १० सेकंद. अशी ६४ छायाचित्रे घेऊन संगणकावर तारे एकावर एक जुळवले, की रवाळपणा आठव्या हिश्शावर येतो आणि सहांच्या जागी डझनावारी तारे उजळतात. थेंबे थेंबे तळे साचे, दुसरे काय!

पण थेंबच गढूळ असले तर? आभाळात सांडलेला विजेचा उजेडही त्याच तळ्यात साचतो. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षे चालून, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी निघून, आपल्या अंगणात येतो. वाचकहो, पणत्या राहू द्या. पण या पाहुण्यासाठी विजेच्या माळा घडीभर मालवाल ना?